नवीन प्रेशर वॉशर: पाणी झटके मारते अन् गनले हात लागला का झिनझिन्या येतात

वावरकर_दारव्हा:
राजेहो, ट्रॅक्टर अन् कोठा धुवाले प्रेशर वॉशर घेतला, १८०० वॅटचा, डब्ब्यावर १३० बार (पाण्याचा दाब) लिहिलं हाय. पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा रोटाव्हेटरले असा चिपकते का साध्या पाईपानं निघतच नाही, म्हणून घेतला. जोडला तं बरोबर पण दोन गोष्टी समजून नाही रायल्या. एक तं पाणी एकसारखं येत नाही, फुर्र फुर्र करते, जोर येते अन् लगेच जाते. पाणी ५०० लिटरच्या टाकीतून घेतो, टाकी जमिनीवरच हाय. दुसरं म्हणजे ओल्या फरशीवर उभं राहून गनच्या लोखंडी दांडीले हात लागला का बारीक झिनझिन्या येतात. लाईन घरातल्या बोर्डावरून एक्स्टेन्शन लावून घेतली. दुकानदार म्हणते चप्पल घालून चालवा, काही होत नाही. खरंच चालते का तसं? पोळा जवळ आला, बैलं पण यानंच धुवायचा इचार हाय.

वाईंडिंगवाला_कारंजा:
भाऊ, पहिले मशीनची पिन काढा, मग पुढचं वाचा. झिनझिन्या येतात म्हणजे करंट बॉडीत उतरून रायला अन् त्याले जमिनीत जायले दुसरा रस्ता नाही, म्हणून तो तुमच्या अंगातून जाते. चप्पल एकदा ओली झाली का तिचा भरोसा नाही, अन् मशीनच पाण्याची हाय तं चप्पल कोरडी राहणार कशी.

वायरमन बोलावून अर्थिंग, म्हणजे बॉडीतला करंट जमिनीत नेणारी तार, तपासून घ्या. आपल्या इकडं बऱ्याच घरी बोर्डात तिसरं भोक असते पण मागं वायरच नसते, किंवा कोणी न्यूट्रलचाच तुकडा अर्थिंगले जोडून देते. हे दुसरं तं लयच वाईट, कारण न्यूट्रल कुठं तुटला का मशीनच्या सगळ्या बॉडीत पूर्ण करंट येते. अन् अर्थिंगचा खड्डा असला तरी उन्हाळ्यात माती सुकली का अर्थिंग कमजोर पडते, खड्ड्यात पाणी टाकत राहा. त्याच्यासोबत ३० मिलीअँपचा आरसीसीबी बसवा, म्हणजे करंट जमिनीकडं गळाला का लगेच लाईन तोडणारा स्विच. एमसीबी (बोर्डातला साधा ट्रिप स्विच) हाय म्हणून निवांत राहू नका, तो लोड वाढला किंवा शॉर्ट झाला तरच पडते, माणसाले करंट लागला तर तो पडत नाही. आरसीसीबीवर टेस्टचं बटन असते, ते अधूनमधून दाबून पाहा.

अर्थिंग नीट झाल्यावर मशीन लावली अन् आरसीसीबी पडला तं समजा मशीनीतच लीकेज हाय, मग वारंटीत बदलून घ्या, खोलू नका.

एक्स्टेन्शन कोणतं हाय? १८०० वॅट म्हणजे जवळपास ८ अँपिअर. मोबाईल-टीव्हीचं बारीक एक्स्टेन्शन गरम होते. २.५ स्क्वेअर एमएमची तीन कोरची वायर घ्या, १६ अँपिअरचा प्लग, अन् गुंडाळी पूर्ण सोडून टाका. जोड पाण्यात पडू देऊ नका. संध्याकाळी व्होल्टेज पडलं असलं तं धुवाले बसूच नका, मोटार तापते.

फुर्र फुर्रचं कारण हवा हाय. मशीनले मिनिटाले ६-७ लिटर पाणी लागते. इनलेटचा (मशीनीत पाणी आत जायच्या तोंडाचा) पाईप काढून १० लिटरच्या बादलीत सोडा, एका मिनिटाच्या आत भरली पायजे. नाही भरली तं टाकी स्टँडवर चढवा. पाईप अर्ध्या इंचाचा जाड घ्या, नरम पाईप ओढीनं चपटा होते. इनलेटले बारीक जाळी असते, बोअरच्या रेतीनं ती भरते, काढून धुवा. अन् सुरू करताना पहिले पाणी सोडा, मशीन बंद ठेवून गन दाबून धरा, बुडबुडे जाऊन सलग धार आली का मगच बटन चालू. कोरडी चालवली का पंपाचे सील जातात.

ट्रॅक्टरप्रेमी_आर्वी:
बैलं यानं धुवू नका हो भाऊ. १३० बारची धार हाय ती, चामडी फाटते, डोळ्यात-कानात गेली तं जनावर कायमचं अधू होते. मुक्या जनावराले सांगताही येत नाही. बैलाले साधा पाईप, बादली अन् ब्रश, पोळ्याच्या दिवशी तेवढं तं त्याच्यासाठी करूच.

ट्रॅक्टर धुताना इंजिन थंड होऊ द्या. रेडिएटरच्या जाळीवर जवळून मारलं का पत्र्या वाकतात अन् मग हवा जात नाही, तिथं साध्या पाईपानं मागून पुढं पाणी मारा. अल्टरनेटर, वायरिंग, एअर क्लीनरचं तोंड, बेअरिंगचे सील यांच्यावर धार नको. टायरले हातभर लांबून. धुणं झालं का सगळे पॉइंट ग्रीस करा, नाही तं पाणी आत राहून गंज लागते. नोझल रंगाचे असतील तं लाल शून्य डिग्रीचा, तो ठेवून द्या, हिरवा २५ चा लोखंडाले अन् पांढरा ४० चा बाकी कामाले पुरे होते.

अजून एक, फवारणीचा पंप यानं धुवू नका. औषधाचा फवारा उलटा तोंडावर येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून किती जीव गेले ते आपण पाह्यलं हाय.

वावरकर_दारव्हा:
लय आभार. पिन काढून ठेवली, उद्या वायरमन येते. बैलाचं डोक्यातून काढून टाकलं. घरात दोन पोट्टे हायेत, गन पाह्यली का तिकडंच धावतात, हातावर धार घेऊन पाहू का म्हणतात.

सिस्टर_अचलपूर:
दादा, मी दवाखान्यात काम करते म्हणून लिहिते. हातावर धार अजिबात घेऊ देऊ नका, तुम्हीपण घेऊ नका. ही धार कातडीतून आत घुसते अन् बोटाच्या आत पाणी, माती, साबण सगळं पसरते. वरून फक्त सुईच्या टोकाएवढं भोक दिसते, रक्त नाही, पहिल्यांदा दुखतही नाही, म्हणून लोक हळद लावून झोपतात. आतून सूज चढत जाते, रक्तपुरवठा बंद पडते, बोट काढायची पाळी येऊ शकते. असं झालं तर चोळू नका, नुसतं धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी येऊ नका. त्याच घडीला ऑपरेशनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा अन् डॉक्टरांना सांगा की प्रेशर मशीनची धार आत गेली, कारण नुसतं पाहून ते साधी जखम वाटते.

पायात गमबूट, डोळ्यावर चष्मा. हात सोडला की गनचं लॉक लावायचं. काम झाल्यावर मशीन बंद, पाणी बंद, मग गन दाबून आतला जोर सोडायचा, पाईप त्यानंतरच काढायचा. लेकरं झोपल्यावर नाहीतर शाळेत गेल्यावर धुवा.

वाईंडिंगवाला_कारंजा:
ताई बरोबर बोलल्या. वायरमन आला का त्याले न्यूट्रल-अर्थिंगचा जोड मुद्दाम उघडून पाहायले सांगा, अन् काय निघालं ते इथं लिहा.