पंपाची चाचणी कॉम्प्युटरमधल्या पेशंटवर झाली म्हणजे नक्की काय?

ओवीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी ९ वर्षांची आहे, टाइप १ डायबेटीस, सध्या पेनने इन्सुलिन देतो आणि दंडावर सेन्सर आहे. डॉक्टर म्हणताहेत की सेन्सर बघून स्वतःच इन्सुलिन कमीजास्त करणारा पंप घ्यायचा विचार करा. म्हणून रात्री बसून वाचत होते तर एके ठिकाणी दिसलं की या पंपांच्या अल्गोरिदमची, म्हणजे इन्सुलिन किती द्यायचं ते ठरवणाऱ्या प्रोग्रामची, सुरुवातीची चाचणी प्राण्यांवर वगैरे न करता कॉम्प्युटरमधल्या आभासी पेशंटवर केलेली असते. खरं सांगायचं तर पोटात गोळा आला. जो माणूसच नाही त्याच्यावर तपासलेली गोष्ट मी लेकीच्या अंगाला कशी लावू? हे पेशंट आणतात कुठून, कोण ठरवतं की ते बरोबर आहेत? कुणी यातलं काम करत असेल तर प्लीज समजावून सांगा, मला गणित फार येत नाही पण जमेल तेवढं समजून घेईन.

समीकरणवाला
ताई, प्रश्न अगदी रास्त आहे. मी याच प्रकारच्या मॉडेलवर काम करतो त्यामुळे जरा लांबण लागेल.

आभासी पेशंट कुणी मनाने रचलेला नसतो. मुळात ती समीकरणं असतात. जेवण पोटातून आतड्यात किती वेगाने उतरतं, यकृत किती साखर सोडतं, कातडीखाली टोचलेलं इन्सुलिन रक्तात यायला किती वेळ घेतं, स्नायू किती साखर उचलतात, हे सगळं त्यात मांडलेलं असतं. समीकरणं सगळ्यांना तीच पण आकडे प्रत्येकाचे वेगळे, एखाद्याचं शरीर इन्सुलिनला पटकन दाद देतं, एखाद्याचं नाही. अशा आकड्यांचा एक संच म्हणजे एक पेशंट.

आता हे आकडे आले कुठून तर खऱ्या माणसांकडून. इटलीतल्या पादोवा युनिव्हर्सिटीतले क्लाउडिओ कोबेल्ली, कियारा दाल्ला मान आणि अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रॉबर्ट रिझा यांनी २०४ जणांच्या मोजमापांवरून मॉडेल बसवलं. त्या लोकांना जेवण देताना ग्लुकोजला ट्रेसर, म्हणजे माग काढता येईल अशी खूण, लावला होता, त्यामुळे रक्तात दिसणारी साखर जेवणातून किती आली आणि यकृतातून किती आली हे वेगवेगळं मोजता आलं, नुसतं बोट टोचून ते कधीच कळत नाही. ते मॉडेल २००७ मध्ये छापून आलं आणि मग व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीतल्या बोरिस कोवाचेव यांच्या ग्रुपबरोबर ३०० पेशंटांचा सिम्युलेटर तयार झाला, १०० मोठी माणसं, १०० किशोरवयीन आणि १०० लहान मुलं. त्यात सेन्सरच्या चुकासुद्धा घातलेल्या आहेत, कारण खरा सेन्सर कधी पुढे दाखवतो कधी मागे, ते तुम्ही रोज बघतच असाल. २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) मान्य केलं की अशा अल्गोरिदमसाठी प्राण्यांवरच्या चाचणीऐवजी हा सिम्युलेटर चालेल. प्राण्यांवरच्या, हे नीट वाचा. माणसांवरची चाचणी त्यांनी कुणालाच माफ केलेली नाही.

आणि मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. समजा सेन्सर ८० च्या जागी १५० दाखवतोय, पोरीने बोलस (जेवणासाठीचा इन्सुलिनचा डोस) घेतलाय आणि ताटातलं अर्धं जेवण तसंच ठेवून ती खेळायला पळाली. हे खऱ्या मुलावर मुद्दाम करून बघणार कोण? कुणी करूही नये. सिम्युलेटरमध्ये मात्र ते १०० मुलांवर, हवं तितक्या वेळा, प्रत्येक वेळी थोडं बदलून करता येतं आणि जिथे अल्गोरिदम शुगर फार खाली नेतो तिथे तो दुरुस्त करून परत चालवता येतो. प्राण्यांवर यातलं काही करायला वर्षं गेली असती आणि कुत्र्याची साखर काही तुमच्या मुलीसारखी वागत नाही.

ओवीची_आई
खूप खूप आभार, बरंच कळलं. पण मग माणसांवर नंतर काय झालं? आणि लहान मुलांवर झालं का काही?

समीकरणवाला
झालं ना. तुमच्या डॉक्टरांनी कुठला पंप सांगितलाय ते मला माहीत नाही, पण व्हर्जिनियाच्याच ग्रुपमधून निघालेल्या कंट्रोल-आयक्यू अल्गोरिदमचं सांगतो. २०१९ मध्ये १४ वर्षांच्या वरच्या १६८ जणांवर सहा महिन्यांची चाचणी छापून आली, त्यात शुगर ७० ते १८० मध्ये राहण्याचा वेळ ६१ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेला, आणि साध्या पंप-सेन्सरवाल्यांचा ५९ होता तो ५९ च राहिला. मग २०२० मध्ये ६ ते १३ वयाची १०१ मुलं, १६ आठवडे. नव्या सिस्टीमवर ५३ वरून ६७ टक्के, दुसऱ्या गटात ५१ वरून ५५. म्हणजे ओवीच्या वयाची खरी मुलं त्यात होती.

गोदाकाठ
वरचं सगळं पटलं पण एक बाजू राहिली म्हणून लिहिते. मी चयापचयाच्या संशोधनात आहे. ते २०४ जण मधुमेह नसलेले होते, त्यांच्या आकड्यांवरून टाइप १ चे पेशंट काढताना काही गोष्टी गृहीत धरून बदल केले आणि लहान मुलांचे आकडेही मोठ्यांच्या आकड्यांवरून जुळवलेले होते कारण लहान मुलांवर असले ट्रेसरचे प्रयोग करणं बरोबर नाही. पहिल्या आवृत्तीत शुगर खूप खाली गेल्यावर शरीर कसं वागतं तेही नीट उतरलं नव्हतं, पुढे २०१३ च्या आवृत्तीत त्याची सुधारणा झाली, ग्लुकॅगॉन (साखर वाढवणारं हार्मोन) आलं.

आणि ते प्रयोगातलं जेवण म्हणजे अंडी, मांस आणि ग्लुकोज घातलेली जेली. आपली मुलं वरणभात, पोळी, तूप खातात. तुपकट जेवणानंतर साखर उशिरा आणि लांबत चढते हे टाइप १ च्या प्रत्येक आईला माहीत आहे. शरीराचंही तेच. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातल्या चरबीवर जन्मभर काम केलंय, २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्याचा फोटो छापून आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३ च, पण चरबी एकाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तो अभ्यास टाइप २ च्या अंगाने आहे हे मान्य, तरी मला मनापासून वाटतं की आपल्याकडच्या मुलांच्या मोजमापांवरून बसवलेले आभासी पेशंट व्हायला हवेत आणि त्यासाठी पैसा आणि माणसं लावायला हवीत, नाहीतर तपासणी कायम दुसऱ्यांच्या शरीरावर होत राहील.

फार्मसी_नागपूर
डायबेटीसच्या बाहेरचं एक सांगतो. हृदयाचे ठोके बिघडवणारी औषधं आधीच ओळखायला पण हेच वापरतात. ऑक्सफर्डच्या ग्रुपने २०१७ मध्ये माणसाच्या हृदयपेशींच्या आभासी मॉडेलवर ६२ औषधं तपासली, धोका ओळखण्यात ८९ टक्के बरोबर आले, सशांवरच्या अभ्यासात ते ७५ टक्के होतं. आपल्याकडेही मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमात बदल करून प्राण्यांच्या ऐवजी कॉम्प्युटर मॉडेल, चिपवरचे अवयव (छोट्या चिपवर पेशी वाढवून केलेली अवयवाची नक्कल) वगैरे पद्धतींना जागा दिली. आमच्या कॉलेजात हे अजून कुणी नीट शिकवत नाही, शिकवायला पाहिजे.

ओवीची_आई
गोदाकाठ ताई, जेवणाचं तुम्ही लिहिलंत तीच माझी खरी काळजी होती. म्हणजे पंप आला तरी पुरणपोळीच्या दिवशी मलाच बघायचं का?

गोदाकाठ
हो. आत्ताच्या बहुतेक पंपांमध्ये जेवणाचे कार्ब तुम्हालाच टाकावे लागतात, तो मधल्या वेळचं आणि रात्रीचं सांभाळतो. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा, ओवीच्या वयाच्या मुलांवर या पंपाची चाचणी कुठे आणि किती दिवस झाली, सेन्सर बंद पडला तर पंप काय करतो, आणि तुपकट जेवणाला बोलस कसा विभागून द्यायचा. सेन्सरचे मागचे काही आठवड्यांचे रिपोर्ट आणि त्या दिवसांत काय खाल्लं ते लिहून बरोबर न्या, सणाचे दिवस त्यात आवर्जून असू द्या.