चर्चा धागा: उंदराला मानवलेलं आरएनए माणसाला मानवेल का?

मृदुला_क: यीस्ट किंवा बुरशीपासून केलेल्या प्रथिनांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "उंदरांना घालून बघितलंय, काही झालं नाही." माझा आक्षेप इथेच आहे. भराभर वाढणाऱ्या पेशींत आरएनए (प्रथिनं बनवायला लागणारा रेणू) भरपूर असतं आणि त्यातल्या प्युरिन नावाच्या घटकांचं शेवटी युरिक अ‍ॅसिड होतं, जे साठलं की सांधे दुखतात. उंदराच्या यकृतातलं युरिकेज हे एन्झाइम त्याचं अ‍ॅलँटॉइन करून टाकतं, ते पाण्यात सहज विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं. आपल्यात त्या एन्झाइमचं जनुक आहे, पण निकामी. मग उंदराच्या रक्ताच्या रिपोर्टवरून माझ्या सांध्यांची हमी कशी द्यायची?

पेशीवेडा: मृदुलाताई, हा फरक लॅबमध्ये कुणी विसरत नाही. म्हणूनच पोटॅशियम ऑक्सोनेट हे रसायन देऊन उंदरातलं युरिकेज दाबतात. १९९४ मध्ये तर युरिकेजचं जनुकच निकामी केलेले माइस (छोटे उंदीर) तयार झाले. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड सुमारे दहापट झालं, मूत्रपिंडं बिघडली, निम्म्याहून जास्त पिल्लं चार आठवड्यांच्या आत मेली.

मृदुला_क: हेच तर म्हणतेय मी! त्या पिल्लांचा जीव गेला आणि आपण जन्मभर त्याच एन्झाइमवाचून जगतो. एक जनुक बंद केलं म्हणून उंदराचा माणूस होत नाही. १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या प्रथिन सल्लागार गटाने अशा अन्नातून दिवसाला २ ग्रॅम न्यूक्लिइक आम्लाची (म्हणजे आरएनए-डीएनएची) मर्यादा सांगितली, ती माणसांना खाऊ घालून केलेल्या अभ्यासांच्या आधारावर.

हेमंत गो.: ताईंच्या बाजूने एक भर. ऑरोटिक आम्ल (शरीर आरएनएचे घटक बनवताना तयार होणारा पदार्थ) रॅटच्या, म्हणजे मोठ्या उंदराच्या, खाद्यात १ टक्का मिसळलं की यकृत फुगतं, फिकट पिवळं पडतं, चरबीने भरून जातं. यकृतातून चरबी रक्तात सोडायचं कामच अडतं, त्यामुळे रक्तातली चरबी उलट कमी होते. सोबत अ‍ॅडेनिन (आरएनएतलं एक प्युरिन) घातलं की हे टळतं. माइसना तेच खाद्य द्या, यकृत असं होत नाही. रॅटचं माइसला लागू पडत नाही तिथे माणसाचं काय घेऊन बसलात?

पेशीवेडा: आणि अमेरिकेतल्या ह्यूस्टनचं काम? १९८० च्या दशकात कुलकर्णी, रुडॉल्फ आणि व्हॅन बुरेन यांनी माइसना न्यूक्लिओटाइड (आरएनएचे सुटे घटक) नसलेलं खाद्य दिलं, तर ते स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या संसर्गाला जास्त बळी पडले. आरएनए दिल्यावर प्रतिकार सुधारला. आईच्या दुधातही न्यूक्लिओटाइड असतात. मुद्दाम ते काढलेलं दूध देऊन तान्ह्या बाळाला जंतूंच्या तोंडी देणार का आपण?

मृदुला_क: नाहीच देणार. पण त्या कामातून प्रश्न कुठला विचारायचा ते कळतं, माणसाने किती खावं ते नाही. घरात गाऊट (युरिक अ‍ॅसिडमुळे होणारा सांध्यांचा आजार) असलेल्या माणसाला तुम्ही माइसचा आकडा सांगाल?

पेशीवेडा: आकडा नाही सांगणार, तेवढं मान्य. पण अ‍ॅडेनिन खाल्लेल्या रॅटचं मूत्रपिंड सूक्ष्मदर्शकाखाली बघा. नळ्यांमध्ये अ‍ॅडेनिनपासून बनलेल्या डायहायड्रॉक्सीअ‍ॅडेनिनचे तपकिरी स्फटिक अडकलेले दिसतात. ज्या माणसांत एपीआरटी हे अ‍ॅडेनिन पुन्हा वापरात आणणारं एन्झाइम जन्मतः नसतं, त्यांचे मुतखडे नेमके याच पदार्थाचे असतात. इथे रॅट आणि माणूस एकच गोष्ट दाखवतात, त्याचं काय करायचं?