अभिजीत सावंतचं गाडं अडलं कुठे?

मंद्र सप्तक:
काल जुने व्हिडिओ बघत बसलो होतो. मार्च २००५ मध्ये ज्याच्यासाठी घराघरातून मेसेज जात होते, तो पहिला 'इंडियन आयडॉल' पुढे गेला कुठे? पहिला अल्बम चालला. २००७ चा 'जुनून' किती जणांना आठवतो? मग 'नच बलिये', मग 'लॉटरी' सिनेमा. माझं स्पष्ट मत: आयती प्रसिद्धी पचली नाही, रियाज सुटला, संधी वाया गेली.

निषाद:
वाचून डोकं तापलं म्हणून लिहितोय. रियाज सुटला हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्याच्या घरी तंबोरा जुळवायला होतात का?

मी तेव्हा कॅसेट-सीडीच्या दुकानात कामाला होतो. एप्रिलमध्ये 'आपका अभिजीत सावंत' आला आणि 'मोहब्बतें लुटाऊंगा' आम्ही दिवसभर लावून ठेवायचो. पोरं दाराशी उभी राहून अख्खं गाणं ऐकायची, कव्हर उलटसुलट करून बघायची, परत ठेवायची आणि समोरच्या टपरीवरून शंभर-दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी घेऊन जायची. त्यात हेही गाणं असायचंच. मालक गल्ल्यावर बसून हे रोज बघायचे. दोन वर्षांत त्यांनी अर्ध्या दुकानात मोबाइलची कव्हरं लावली.

१९९५ ला 'मेड इन इंडिया' आलं तेव्हा पॉप अल्बमला स्वतःचा बाजार होता. अलिशा, लकी अली, दलेर मेहंदी, सिल्क रूट, सगळे त्यावर उभे राहिले. २००५ पर्यंत पैसा सिनेमाच्या गाण्यांकडे आणि कॉलर ट्यूनकडे वळला होता. याला बक्षीस मिळालं पॉपस्टार होण्याचं, आणि हा फलाटावर पोचला तेव्हा गाडी सुटली होती.

मंद्र सप्तक:
मग अरिजित सिंग कसा पोचला? तोही २००५ मध्येच 'फेम गुरुकुल'ला होता, जिंकलासुद्धा नाही. सुनिधी चौहान १९९६ ला 'मेरी आवाज सुनो' जिंकूनच आली ना?

निषाद:
सुनिधी सिनेमात गायला आली, पॉपस्टार व्हायला नाही. आणि अरिजित हरला हेच त्याच्या पथ्यावर पडलं. संगीतकारांच्या हाताखाली म्युझिक प्रोग्रॅमिंग (कॉम्प्युटरवर वाद्यं जुळवणं) केलं, स्टुडिओ शिकला. 'आशिकी २' आला २०१३ ला, मध्ये आठ वर्षं गेली. तेवढा वेळ गुमनाम राहायची मुभा विजेत्याला कोण देतं? गाणं मिळालं नाही असंही नाही. 'आशिक बनाया आपने'मधलं 'मरजावां मिटजावां' ऐका. सुनिधीसमोर कुठेही कमी पडलेला नाही.

कोरसवाली:
तुम्ही दोघं विजेत्यांवर भांडताय. दारातूनच परत पाठवलेल्यांचं कोणी बोलणार आहे का?

माझ्या मुलीला अशाच एका ऑडिशनला नेलं होतं. पहाटे चारपासून रांग. छातीवर नंबराचा कागद, घामाने त्याची पिन फ्रॉकला गंजासारखा डाग पाडून गेली. पोरीने बागेश्रीतली बंदिश तयार केली होती. आत टेबलावरच्या मुलीने पहिला प्रश्न काय विचारला? "घरी काही प्रॉब्लेम आहे का?" मी म्हटलं नाही, हिचे बाबा नोकरीत आहेत, मी शिकवण्या घेते. तिने पेन खाली ठेवलं. अस्ताई, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, पुरी व्हायच्या आत "थँक्यू" आलं. घरी येताना पोर म्हणाली, "आई, आपल्याकडे काहीच वाईट झालेलं नाही का?"

मंद्र सप्तक:
वाईट वाटलं. पण पहाटे चारला रांगेत तुम्हीच उभं केलंत ना? पालकांनाच टीव्हीची घाई.

कोरसवाली:
हो, मीच नेलं. तिनेच हट्ट धरला होता. दहा वर्षं क्लासला पायपीट केलेल्या पोरीला "नको जाऊस" म्हणून बघा एकदा. घाई म्हणे! गाणं शिकलेल्या मुलांना दुसरं दार आहे कुठे?

कीबोर्डवाला:
ताईंना पूर्ण पाठिंबा. मी कार्यक्रमांना साथ करतो. स्पर्धेतून आलेल्या मुलांना पहिलं वर्ष उसंत नसते, दुसऱ्या वर्षी निम्मे कार्यक्रम, तिसऱ्या वर्षी आयोजक नव्या पर्वाच्या पोरांना बोलावतात. दर वर्षी नवा विजेता काढायचा म्हटल्यावर जुना शिळा होणारच. त्यातही लोकांना त्यांनी टीव्हीवर म्हटलेली दुसऱ्यांचीच गाणी हवी असतात. स्वतःचं गाणं सुरू केलं की मंडपात खुर्च्या सरकल्याचे आवाज येतात. मी ते मागून कितीदा ऐकलंय.

मंद्र सप्तक:
एकटा पडलोय, तरी सांगतो. बाजार वाईट होता, मान्य. रियाजाचं वाक्य मागे घेतो, मला माहीत नसताना लिहिलं. पण दुसरा अल्बम पहिल्याच्या तोडीचा नव्हता यावर मी ठाम आहे. आणि ताई, रांगेबद्दल बोललो ते चुकलं.

निषाद:
'जुनून'बद्दल वाद घालणार नाही, मीही तो पुन्हा लावला नाही. पण २०२४ ला मराठी 'बिग बॉस'मध्ये तो उपविजेता झाला, म्हणजे एकोणीस वर्षांनी लोकांनी पुन्हा त्याला मतं दिली. या प्रेमातून एक नवं गाणं का उभं राहू नये, हाच माझा राग आहे.

कीबोर्डवाला:
ताई, मुलगी गाते का अजून?

कोरसवाली:
गाते. सकाळी सहाला, दार लावून. माझ्यासमोर नाही.