रिसेट मारण्याआधी काच बघा

अपडेटनंतर फोन बोटाचा ठसा घेत नाही, असा प्रश्न इथे आलाय आणि त्यावर कुणीतरी थेट फॅक्टरी रिसेटचा, म्हणजे फोनमधलं सगळं पुसून टाकण्याचा, सल्ला दिलाय. एवढ्यात नको हो. बँकेची सगळी ॲप्स परत चालू करत बसायचं म्हणजे रविवार गेलाच.

आधी सांगा, स्क्रीनवर संरक्षक काच (टेम्पर्ड ग्लास) नवीन बसवलीय का? ठसा वाचणारा सेन्सर स्क्रीनखाली असेल तर तो बहुतेक ऑप्टिकल, म्हणजे बोटाखाली उजेड पाडून फोटो काढणारा. दादर स्टेशनबाहेर लावून देतात त्यातल्या बऱ्याच स्वस्त टेम्पर्ड ग्लासला गोंद फक्त कडांना असतो, मध्ये हवा राहते. फोन तिरका धरा. सेन्सरच्या जागी बुडबुडा किंवा तेलकट रंगीत डाग दिसला की चोर सापडला. अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी ठसा वाचणाऱ्या, सेन्सरला तर ही पोकळी मुळीच चालत नाही. २०१९ मध्ये गॅलॅक्सी एस१० च्या स्क्रीनवर काही सिलिकॉन कव्हरं लावली की भलत्याच बोटाने फोन उघडत होता, शेवटी सॅमसंगला अपडेट द्यावं लागलं!

काच काढा, जागा पुसा, जुने ठसे उडवून नव्याने नोंदवा. आणि हात कोरडे करून, लोकलमधून घामाघूम उतरल्या उतरल्या नको. एकच अंगठा दोनदा नोंदवला तर अजून बरं, दुसऱ्या वेळी कडेकडेने टेकवायचा.

रीस्टार्टनंतर पिन मागतो ते नॉर्मल आहे, तो बिघाड नव्हे. सेटिंगमधून फिंगरप्रिंटचा पर्यायच गायब असेल, किंवा नुकताच डिस्प्ले बदलला असेल, तर मात्र सर्व्हिस सेंटर गाठा. डिस्प्ले बदलल्यावर बऱ्याच मॉडेलांत सेन्सर कॅलिब्रेट करावा, म्हणजे नव्या डिस्प्लेशी जुळवून घ्यावा लागतो, गल्लीतला दुकानदार ते टाळतो.

मॉडेल कुठलं ते लिहा.