सकाळी हवा लोण्यासारखी, दुपारी खडखडाट, असं का?

प्रश्न:
पायलट ट्रेनिंगला नवीन आहे. सकाळी ६ ला विमान हलत पण नाही आणि दुपारी २ ला त्याच सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेरीत) डोकं छताला आपटतं. वारा तर वरच्या फोरकास्टमध्ये दोन्ही वेळी सारखाच होता मग फरक कशाने पडतो?

उत्तर १:
मिक्सिंगमुळे. रात्री जमीन गार होते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसून राहते, वर गरम थर म्हणजे इन्व्हर्जन. ऊन पडलं की गरम हवेचे बुडबुडे उठायला लागतात आणि दुपारपर्यंत हा ढवळलेला थर १ ते २ किमी उंच होतो, वाळवंटात तर ४ किमीच्या पण वर जातो. वरचा जोराचा वारा मग झटक्याझटक्याने खाली येतो, तेच तुझे गस्ट, म्हणजे वाऱ्याचे झटके. कापसासारखे क्युम्युलस ढग दिसले तर त्यांच्या वर जा, बहुतेक वेळा एकदम शांत.

उत्तर २:
पण सकाळ शांत म्हणून गाफील राहू नकोस हं! विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) मेल्यासारखा लटकलेला आणि हजारेक फुटांवर ३०-४० नॉटचा वारा, कारण खालच्या घर्षणापासून सुटलेला वारा रात्री वेग पकडतो. फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत उतरताना हेडविंड (समोरचा वारा) अचानक गायब झाला की स्पीड पडतो, मी एकदा पॉवर द्यायला उशीर केला, धाडकन टेकलो. धुकं पण जमिनीलगतच्या याच गार थरात अडकतं.

प्रश्नकर्ता:
अच्छा म्हणजे दुपारचा त्रास निदान कळतो तरी, सकाळचा लपून बसतो. थँक्स दोघांना.