शब्दचर्चा : ‘संवर्धित वास्तव’, ‘दर्शन’ आणि ‘जियारत’

मूळ प्रश्न

मक्का-मदिनेला जाणाऱ्या मराठी भाषक यात्रेकरूंसाठी तयार होत असलेल्या एका मार्गदर्शक ॲपचा मजकूर मराठीत आणण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. मोबाइलचा कॅमेरा समोर धरला की पडद्यावर त्या ठिकाणाचे नाव, थोडा इतिहास, वाट दाखवणारा बाण आणि काही ठिकाणी पूर्वीच्या इमारतीचे चित्र उमटते, अशी त्याची रचना आहे. पहिल्या मसुद्यात या तंत्राला (ऑगमेंटेड रिॲलिटीला) ‘संवर्धित वास्तव’, भेटीला ‘दर्शन’, प्रवासाला ‘धार्मिक पर्यटन’ आणि वापरताना पाळायच्या पथ्यांना ‘आध्यात्मिक नीतिमत्ता’ असे शब्द योजले आहेत. कोशाच्या दृष्टीने हे चारही चालतील. परंतु ज्यांच्या हाती हा मजकूर जाणार त्यांना ते कसे वाटतील, याची मला काळजी आहे. पडद्यावरच्या दृश्याने उपासनेची जागा घेतली असा समज एखाद्या शब्दामुळे होऊ नये, एवढी माझी इच्छा आहे. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

‘संवर्धित’ बदलावा, असे मी आग्रहाने सांगेन. मराठीत संवर्धन म्हणजे जोपासना. वनसंवर्धन, पशुसंवर्धन, भाषासंवर्धन हे शब्द आपण रोज वापरतो. जुन्या इमारतींच्या बाबतीत तर ‘जतन आणि संवर्धन’ ही जोडी इतकी रुळलेली आहे की एखाद्या प्राचीन मशिदीच्या चित्राखाली ‘संवर्धित वास्तव’ असे छापले, तर घाईत वाचणारा ‘संवर्धित वास्तू’ असेच वाचेल आणि डागडुजी झालेली इमारत आपल्यासमोर आहे असे समजेल. ‘विस्तारित वास्तव’ हा पर्याय अधूनमधून दिसतो, परंतु तो या घराण्यातल्या सगळ्या तंत्रांसाठी मिळून वापरला जातो, आणि ‘अतिवास्तव’ हा शब्द साहित्य व चित्रकलेतील एका पंथाला आधीच दिलेला आहे. तंत्रज्ञानाचे नाव म्हणून ‘वर्धित वास्तव’ पुरेसे आहे. पडद्यावर जे उमटते त्याला मात्र मी ‘जोडदृश्य’ म्हणेन. वास्तव आहे तेवढेच राहते, आपल्याला दिसणाऱ्या दृश्यात काहीतरी जोडले जाते, आणि हे वाचकाला शब्दातूनच कळलेले बरे.

‘वर्धित’ आणि ‘आभासी’ यांतला भेदही कसोशीने पाळावा. मिलग्रॅम आणि किशिनो या संशोधकांनी १९९४ साली खऱ्या परिसरापासून संपूर्ण रचलेल्या परिसरापर्यंत जाणारी एक सलग पट्टी मांडली. वर्धित वास्तव त्या पट्टीवर खऱ्या टोकाच्या जवळ येते. आभासी तंत्रात डोळ्यांवरचा संच भोवतालचे सगळे झाकून टाकतो आणि माणूस नागपुरात बसूनही मक्केत असल्यासारखा वावरतो. वर्धित तंत्रात माणूस त्या जागी स्वतःच्या पायांनी उभा असतो. इस्लामी विचारात हा फरक मोठा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सौदी अरेबियात हजर-ए-अस्वद, म्हणजे मक्केतील काबागृहाच्या कोपऱ्यात बसवलेला काळा दगड, आभासी तंत्राने अनुभवता यावा असा उपक्रम सुरू झाला. त्यानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये तुर्कस्तानच्या ‘दियानेत’ या सरकारी धर्मव्यवहार संस्थेने, मेटाव्हर्समधील, म्हणजे संगणकाने रचलेल्या आभासी जगातील, काबाभेट हा हज ठरू शकत नाही, हजसाठी पाय त्या भूमीला लागावे लागतात, अशी भूमिका घेतली. म्हणून ‘आभासी हज’ हा शब्दप्रयोग बातमीच्या मथळ्यातही मला खटकतो, आणि आपल्या ॲपमध्ये तर त्याला मुळीच थारा नसावा.

तंत्राबद्दलच शंका घेण्याचे मात्र कारण नाही. गुगलने २०१७ साली काढलेल्या, किब्ला (नमाजात तोंड करायची काबागृहाची दिशा) शोधून देणाऱ्या सोयीत कॅमेऱ्याच्या दृश्यावरच दिशा उमटत असे. मुंबईतून किब्ला पश्चिमेच्या किंचित उत्तरेस येतो. आपण सरसकट ‘पश्चिमेकडे तोंड’ म्हणतो, आणि ते साधन ती बारकाई दाखवून देते. अशा साधनाला फारसीतून आलेला ‘किब्लानुमा’ हा सुंदर जुना शब्द उर्दूत आहे. तो अवश्य घ्यावा. ‘नुमा’ म्हणजे दाखवणारा. दाखवून झाले की त्याचे काम संपते.

काळ्या दगडाबाबत आणखी एक गोष्ट सांगतो. त्याचे चुंबन घेताना दुसरे खलिफा हजरत उमर म्हणाले होते की तू एक दगड आहेस, तू ना भले करू शकतोस ना वाईट, प्रेषितांना तुझे चुंबन घेताना मी पाहिले नसते तर मीही घेतले नसते. हदीस वाङ्मयात, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या व आचरणाच्या परंपरागत संग्रहांत, हे नोंदलेले आहे. गर्दीमुळे जवळ जाता आले नाही तर दुरून हाताने खूण केली तरी चालते. तेव्हा या दगडाच्या जोडदृश्याखाली ‘स्पर्शाची अनुभूती घ्या’ असे काही लिहिणे म्हणजे परंपरेने ज्यावर भर दिलेला नाही त्यालाच भक्तीचे केंद्र करणे होईल.

प्रतिसाद

माझ्या घरची बोली दख्खनी आणि शिक्षण मराठीतून झालेले, म्हणून ‘दर्शन’ आणि ‘जियारत’ या दोन शब्दांविषयी लिहिते.

काबागृहासाठी ‘दर्शन’ नको. दर्शनात आपण देवाला पाहतो आणि देवाची नजर आपल्यावर पडते, ही भावना आहे. काबागृह ही उपासनेची दिशा आहे, उपास्य नाही. मात्र हाजी मलंगला किंवा माहीमच्या दर्ग्यात येणारा हिंदू भाविक ‘दर्शनाला आलो’ म्हणतो तेव्हा तो त्याच्या श्रद्धेचा शब्द असतो, आणि तो कोणी दुरुस्त करू नये.

याच न्यायाने ‘प्रदक्षिणा’ही टाळावा. प्रदक्षिणेत पूज्य वस्तू उजव्या हाताला असते, हे शब्दातल्या ‘दक्षिण’मध्येच आले. तवाफ, म्हणजे काबागृहाभोवतीच्या फेऱ्या, करताना मात्र ते डाव्या हाताला राहते. ‘तवाफाची चौथी फेरी’ हे मराठीत अगदी सहज बसते, तेवढेच लिहावे.

‘जियारत’ हा मूळ अरबीत भेटीचा साधा शब्द आहे आणि धार्मिक व्यवहारात तो पवित्र स्थळांच्या व कबरींच्या भेटीसाठी रूढ झाला. हज आणि उमरा (मक्केची वर्षभरात केव्हाही करता येणारी छोटी यात्रा) हे ठरलेले विधी आहेत. मदिनेची भेट ही जियारत आहे, हजचा भाग नाही. त्यामुळे दोन्हींसाठी एकच शब्द वापरू नये. दख्खनीत एक अडचण मात्र येते. दफनानंतर तिसऱ्या दिवशी होणाऱ्या फातिहालाही (मृतासाठीच्या प्रार्थनेलाही) आमच्याकडे जियारतच म्हणतात. नुसते ‘आजची जियारत’ असे पडद्यावर आले तर मराठवाड्यातल्या एखाद्या आजींच्या काळजात धस्स होईल. प्रत्येक वेळी स्थळाचे नाव जोडावे : ‘मदिनेची जियारत’, ‘उहुदची जियारत’.

शिया परंपरेत तर त्या भेटीत म्हणायच्या सलामाच्या पाठालाही जियारत म्हणतात आणि तो दुरूनही म्हटला जातो. म्हणून ‘घरबसल्या जियारत होत नाही’ असे ठाम वाक्य मजकुरात घालू नये. हजबद्दल ते खरे आहे, जियारतीबद्दल सर्वांसाठी खरे नाही.

‘पर्यटन’ हा शब्द मला अपमानास्पद वाटत नाही. आजच्या अरबीत पर्यटकाला ‘साइह’ म्हणतात, आणि कुराणाच्या ९:११२ या आयतीत श्रद्धावंतांच्या गुणांत ‘साइहून’ हा त्याच शब्दाचा अनेकवचनी प्रयोग आला आहे. जुन्या भाष्यकारांपैकी अनेकांनी त्याचा अर्थ रोजे ठेवणारे असा लावला. मक्केजवळच्या हिरा गुहेच्या पायथ्याचे संग्रहालय पाहणे याला पर्यटन खुशाल म्हणावे. अराफातच्या मैदानात उभे राहणे या हजच्या मुख्य विधीला म्हणू नये.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ‘प्रदक्षिणा’ आजच काढतो. आता ‘आध्यात्मिक नीतिमत्ता’ उरली. शिवाय मदिनेतील बकी कब्रस्तानावर पूर्वी असलेले घुमट जोडदृश्यात दाखवायचे आहेत, त्याला मसुद्यात ‘पुनर्निर्मिती’ म्हटले आहे. हे बरोबर होईल का?

प्रतिसाद

‘आध्यात्मिक नीतिमत्ता’ हे परिसंवादात शोभेल, यात्रेकरूला त्यातून काय करायचे ते कळणार नाही. अरबीतला ‘अदब’ मराठीत शतकानुशतके आहे. आपण ‘अदबीने उभा राहिला’ म्हणतो, ‘बेअदबी’ म्हणतो. मराठीत त्याला दरबारी छटा आहे हे खरे, तरी बाहेरचे वागणे आणि आतली वृत्ती दोन्ही त्यात येतात, म्हणून ‘जियारतीची अदब’ हे शीर्षक मी निवडेन.

त्याखाली निय्यतीची, म्हणजे मनातल्या संकल्पाची, गोष्ट पहिली यावी, कारण कर्मांचे मोल निय्यतीवर ठरते ही हदीस लहान मुलांनाही पाठ असते. लिहिताना ‘निय्यत’ असे जोडाक्षर ठेवा. ‘नियत’ लिहिले तर नियतकालिकातला, म्हणजे ठरलेला या अर्थाचा, संस्कृत शब्द मध्ये येतो आणि ‘नियत वेळ’ म्हणजे ठरलेली वेळ की संकल्पाची, असा घोटाळा होतो.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची, आणि मला ती सर्वांत गंभीर वाटते. जोडदृश्य उमटण्यासाठी कॅमेरा सतत चालू ठेवावा लागतो. तवाफाच्या गर्दीत छातीशी धरलेल्या मोबाइलपुढून कोण जाते, हे डोळ्यांसमोर आणून पाहा : उघड्या खांद्याचा इहराममधला (यात्रेच्या व्रतस्थ अवस्थेतला) वृद्ध, रडत दुआ मागणारा तरुण, आणि एरवी नकाब घेणारी पण इहरामच्या नियमाने चेहरा उघडा ठेवलेली स्त्री. तिचा चेहरा तिने अल्लाहच्या आज्ञेने उघडा ठेवला आहे. तो कोणा कंपनीच्या साठ्यात जाण्यासाठी नाही. ‘माहितीची गोपनीयता’ हा शब्द येथे फार कोरडा पडतो. ‘अमानत’ वापरा. बँकेत ठेवतो ती ‘अनामत’ याच शब्दातून अक्षरांची अदलाबदल होऊन आली आहे, त्यामुळे दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे सांभाळायला आहे आणि ती जशीच्या तशी परत करायची आहे, हा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. ‘इतरांचे चेहरे ही तुमच्याकडे असलेली अमानत आहे, तवाफ करताना कॅमेरा बंद ठेवा’ असे सरळ लिहावे. ॲप बनवणाऱ्यांनी तेथे कॅमेरा आपोआप बंद होईल अशी सोय केली, तर सूचनेची गरजच उरणार नाही, आणि आपण त्यांच्याकडे तशी मागणी करावी.

प्रतिसाद

बकीविषयी. तेथील घुमट १९२०च्या दशकात, हिजाजवर (मक्का-मदिनेच्या प्रदेशावर) सौदी सत्ता आल्यानंतर पाडले गेले. कबरींवर बांधकाम नको ही पाडणाऱ्यांची धार्मिक भूमिका होती. शिया समाज ८ शव्वाल (शव्वाल हा इस्लामी पंचांगातला महिना) हा त्या घटनेचा शोकदिन म्हणून आजही पाळतो. ‘पुनर्निर्मिती’ म्हटले की एका बाजूला ती हक्काची मागणी वाटते आणि दुसऱ्या बाजूला धर्माने नाकारलेल्या गोष्टीला मागच्या दाराने आत आणणे वाटते. म्हणून ‘जुन्या छायाचित्रांवरून काढलेले चित्र, घुमट पाडले जाण्यापूर्वीचे’ एवढेच लिहावे. ‘नष्ट झाले’ असेही लिहू नका. पाडले गेले, म्हणून ‘पाडले’ हेच क्रियापद हवे.

आणखी एका शब्दाकडे लक्ष द्यावे, तो म्हणजे ‘येथे’. प्रेषितांच्या कन्या हजरत फातिमा यांची कबर नेमकी कोठे आहे यावर परंपरांमध्ये एकमत नाही. छापील पुस्तकात ‘बकीमध्ये असल्याचे मानतात’ असे लिहिता येते, पण जोडदृश्यातला बाण जमिनीच्या एका ठिपक्यावर टेकतो आणि जे कोणी ठरवलेले नाही ते ठरवून मोकळा होतो. या नोंदीसाठी बाण काढून टाकावा, मजकूर कब्रस्तानाच्या प्रवेशद्वाराशी दाखवावा आणि त्यात कबर बकीत असल्याची परंपरा व मशीद-ए-नबवी या प्रेषितांच्या मशिदीलगतच्या त्यांच्या घरात असल्याची परंपरा, या दोन्हींची नोंद करावी.