सल्ला हवा: लाहौलमध्ये नदीकाठी स्वतःचा तंबू, सोबत ११ वर्षांची मुलगी

मुलुंडची_सावली

नमस्कार मंडळी,

मी, नवरा आणि लेक असे तिघं मे महिन्याच्या अखेरीस हिमाचलमधल्या लाहौलला जायचं म्हणतोय. उंच डोंगरात, वाहत्या नदीच्या काठी, आपण स्वतः ठोकलेल्या तंबूत राहायचं हा लेकीचा दोन वर्षांपासूनचा हट्ट आहे. जूनच्या मध्याला शाळा उघडायच्या आत तो पुरवायचाय. आजवरचा अनुभव म्हणाल तर राजमाचीला दोन रात्री आणि पवनेच्या काठी एक.

बेत असा आहे: वांद्रे टर्मिनसहून पश्चिम एक्सप्रेसने अंबाला, तिथून गाडी करून मनाली, दुसऱ्याच दिवशी अटल बोगद्यातून पलीकडे थेट चंद्रताल तलाव. तिथे दोन रात्री काढून मग भागा नदीकाठी जिस्पाला एक रात्र. जमेल का? तंबू कुठे ठोकावा, काय न्यावं, लेकीला उंचीचा त्रास होईल का, जे सुचेल ते सांगा. सासूबाईंनी चंद्रभागेचं पाणी आणायला सांगितलंय, त्याबद्दलही कुणाला माहीत असेल तर लिहा.

वाटसरू_ठाणे

ताई, चंद्रताल बेतातून काढाच. मे अखेरीला तिकडचा रस्ता बहुतेक वर्षी बर्फाखाली असतो. उघडला असता तरी मनालीहून दुसऱ्या दिवशी तिथे मुक्काम नकोच, कारण मनाली २,०५० मीटरवर आणि चंद्रताल ४,२५० च्या आसपास. शिवाय तलावाच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे, मुक्कामाचे तळ बरेच अलीकडे असतात. जुलै २०२३ मध्ये, ऐन हंगामात, अवेळी बर्फ पडून तिथे अडीचशेहून जास्त पर्यटक अडकले होते. सोबत मूल असताना हा धोका कशाला घ्यायचा?

जिस्पाच करा, तीनही रात्री तिथेच. केलाँगच्या पुढे वीसेक किलोमीटर, साधारण ३,२०० मीटर उंची, दरी रुंद आणि नदी हाताशी. बोगद्यामुळे रोहतांग चढावा लागत नाही आणि त्या खिंडीचा परवानाही लागत नाही. गाडी नसली तरी हिमाचल परिवहनची बस मनालीहून केलाँगला जाते.

रानजाई

मी डॉक्टर आहे, डोंगरातही फिरते, म्हणून उंचीबद्दल थोडं सविस्तर.

बोगदा ९.०२ किलोमीटरचा, ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. पूर्वी रोहतांगवरून जायला अर्धा दिवस मोडायचा, आता दोन-तीन तासांत तुम्ही ३,००० मीटरच्या वर. सोय मोठी आहे, पण शरीराला सवय व्हायला लागणारा वेळ काही बोगद्याने कमी झालेला नाही. म्हणून मनालीत दोन रात्री काढा, मग सिस्सू किंवा केलाँगला एक, आणि त्यानंतर जिस्पा. पहिल्या दिवशी तिथे नुसतं बसा, पाणी पीत राहा.

मुलं त्रास नीट सांगत नाहीत. जेवण नको म्हणणं, किरकिर, उलटी, डोकं धरून बसणं ही उंची लागल्याची लक्षणं धरायची. तसं झालं तर आणखी वर जायचं नाही. विश्रांतीनेही बरं वाटलं नाही तर खाली उतरायचं. बोलताना जीभ अडखळली, चालताना तोल गेला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी उतरायला सुरुवात करायची. केलाँगला सरकारी रुग्णालय आहे. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या मुलीला स्वतःच्या मनाने देऊ नका, निघण्याआधी तिच्या डॉक्टरांशी बोला आणि कुणाला सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

चकमक

बाकीचे मुद्दे वर आलेच आहेत, मी फक्त नदीबद्दल लिहितो.

मुंबईकरांना भरती-ओहोटी समजवावी लागत नाही. बर्फावर पोसलेल्या नदीलाही रोजची भरती असते, फक्त ती चंद्राऐवजी सूर्याच्या तालावर येते. दिवसभर वर बर्फ वितळतं आणि ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात. म्हणून पहाटे नदी सगळ्यात कमी आणि दुपार कलल्यापासून रात्रीपर्यंत चढती. तुम्ही सकाळी पोचलात तर काठाजवळ सपाट, मऊ वाळूचा पट्टा दिसेल. तंबूसाठीच केलाय असं वाटेल, पण तो नदीचा आहे, संध्याकाळी ती तो परत घेते.

हे मी अनुभवलंय. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी भागेच्या काठी अशाच पट्ट्यावर सकाळी अकराला तंबू ठोकला. सहा वाजता चहाचं पातेलं घासायला मित्र खाली गेला आणि धावतच परत आला. दुपारी जिथे बसून आम्ही पाय बुडवले होते तो दगड पाण्याखाली गेला होता. अंधार पडत असताना सगळं सामान उचलून वर नेलं. रात्रभर नदीच्या तळातून धोंडे गडगडत जात होते, ढग गरजावेत तसा आवाज. झोप कुणालाच लागली नाही.

तेव्हापासून जागा निवडताना मी आधी जुन्या पुराची खूण शोधतो. काठावर अडकलेल्या काटक्या, दगडावरची चिखलाची रेघ, झाडांच्या बुंध्याशी साचलेला गाळ. त्या रेषेच्या बऱ्याच वर, जिथे गवत आणि झुडपं पक्की रुजली आहेत, तिथे तंबू. नाल्याच्या तोंडाशी तर कधीच नाही. लाहौल पर्जन्यछायेत आहे म्हणून पावसाची काळजी नाही असं लोक म्हणतात, पण जुलै २०२१ मध्ये तिथल्या तोजिंग नाल्याला अचानक आलेल्या लोंढ्यात माणसं गेली. वर कुठे काय कोसळलं हे खाली बसलेल्याला कळत नाही.

मुलीसाठी दोन गोष्टी. एक, नदीच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, तिच्या गळ्यात शिटी बांधा. दोन, पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभरसुद्धा. पाणी इतकं थंड असतं की पाय काही मिनिटांत बधिर होतात, आणि ते गढूळ असल्याने तळ दिसत नाही. काठावर बसून दगड मारायला, बांध घालायला हवं तेवढं आहे.

जागा मोकळी दिसली तरी शेताची किंवा चराईची असू शकते. गावात विचारूनच तंबू ठोका. तिथले तळवाले थोडे पैसे घेऊन स्वतःचा तंबू लावू देतात का तेही बघा, शौचालयाची सोय होते. नसेल तर पाण्यापासून किमान साठ-सत्तर पावलं लांब, वीतभर खोल खड्डा करून बुजवायचा. साबणाचा फेस नदीत जाऊ द्यायचा नाही.

टिटवी

गॅसचं लक्षात ठेवा! डबे विमानात नेता येत नाहीत आणि ज्वालाग्राही म्हणून रेल्वेतही नाही. फक्त शेगडी न्या, डबे मनालीत घ्या. साधा ब्यूटेन शून्याजवळ पेटेनासा होतो, प्रोपेनचं मिश्रण मागा.

त्या उंचीवर पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ-तांदूळ शिजता शिजत नाहीत. छोटा कुकर न्या, नाहीतर घरून तयारी करून न्या. आम्ही भाजलेल्या रव्याचा उपमा, मेतकूट, दडपे पोहे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळपोळ्या नेतो. थंडीत लेकरं गूळपोळी मागून खातात. नदीच्या पाण्यात दगडाचं पीठ असतं, भांड्यात तासभर निवू द्या, वरचं गाळून उकळा.

वाटसरू_ठाणे

सासूबाईंच्या पाण्याचं राहिलंच. केलाँगच्या अलीकडे तांदी लागतं, तिथे चंद्रा आणि भागा मिळतात आणि पुढे ती चंद्रभागा, म्हणजेच चिनाब. आपली पंढरपूरची चंद्रभागा ही भीमाच, चंद्रकोरीसारखं वळण घेते म्हणून ते नाव. दोघी वेगळ्या, पण नाव घेताना हात आपोआप जोडले जातात. संगमावर उतरताना पाय जपा, बाटली तुम्हीच भरा, लेकीला वर थांबवा.

मुलुंडची_सावली

सगळ्यांचे मनापासून आभार. चकमक, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. शिटी तिने लगेच शोधून ठेवली.

नवा बेत: मनालीत दोन रात्री, केलाँगला एक, जिस्पाला तीन, आणि परतीला एक दिवस राखीव. चंद्रताल रद्द. तंबू आमचाच आहे, पण झोपायच्या पिशव्या फक्त १० अंशांपर्यंतच्या आहेत. नव्या घ्याव्यात का?

चकमक

मे अखेरीला रात्री पारा शून्याजवळ येऊ शकतो, त्या पिशव्या पुरणार नाहीत. मनालीत भाड्याने मिळतात, तिथेच उघडून, चेन लावून बघून घ्या. पैसे खर्च करायचेच तर खाली घालायच्या जाड चटईवर करा, थंडी जमिनीतून जास्त चढते. आणि दुपारनंतर दरीत वारा सुटतो, गोट्यांच्या जमिनीत खुंट्या टिकत नाहीत. जास्तीची सुतळी न्या, तंबूच्या दोऱ्या मोठ्या धोंड्यांना बांधा. एकदा घराच्या गच्चीत खुंट्यांशिवाय, नुसत्या विटांना बांधून तंबू उभा करून बघा, लेकीलाच करू द्या.